तात्या मयेकरांची टिचकी

भाट्याच्या खाडीपलीकडे एक माणूस राहायचा. तो समोरून येताना दिसला की आमच्या रत्नागिरीतली चांगली शहाणीसुरती माणसं पाठ भिंतीला लावून उभी राहायची. बँकेच्या रांगेत, एसटी स्टँडवर, देवळाच्या सभामंडपात. भिंत नसेल तर खांब, खांब नसेल तर एकमेकांच्या पाठीला पाठ. मी स्वतः एकदा मच्छीबाजारात बर्फाच्या पेटीला पाठ टेकवून, शर्ट भिजेपर्यंत, घ्यायची नसलेली सुरमई उलटसुलट करून पाहत राहिलोय. माणूस निघून गेला तेव्हा कोळीण म्हणाली, "गेला तो. आता मासा ठेव खाली."

त्या माणसाचं नाव वसंत मयेकर. समोर तात्या, मागे टिचकी मयेकर.

तात्या गिटारी बनवायचे. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरं मिरवतात तसल्या सपाट पोटाच्या नव्हेत. तात्यांच्या गिटारीला व्हायोलिनसारखं पोट असायचं, मधे फुगीर, कडेला उतरतं. जाड फळी घ्यायची, ती पटाशीनं आणि मग अंगठ्याएवढ्या रंध्यानं आतून-बाहेरून कोरायची, आणि तिची कमान झाली की दोन बाजूंना दोन नागमोडी भोकं पाडायची. या जातीला आर्चटॉप म्हणतात. तात्या 'पोटवाली' म्हणायचे.

तरुणपणी ते जहाजावर सुतार होते. कुठल्याशा थंडगार बंदरात त्यांचं जहाज दुरुस्तीला अडकलं, आणि वेळ घालवायला ते एका म्हाताऱ्या वाद्यकाराच्या दुकानात जाऊन बसू लागले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. म्हातारा फळीला टिचकी मारायचा, कान लावायचा आणि मान हलवायचा. कधी उभी, कधी आडवी. "तेवढाच शिकलो," तात्या सांगायचे. "बाकी सगळा सुतारकाम." पुढे वरच्या फळीसाठी थंड मुलखातल्या स्प्रूस झाडाचं लाकूड जुने जहाजी सोबती बाहेरून आणून देत. मागची फळी मात्र इथल्या फणसाची, हळदीसारखी पिवळी, वर्षं जातील तशी तांबूस होत जाणारी.

गिटार तयार झाली की ती विकायची नाही, हा तात्यांचा नियम. ती कारखान्यातल्या वाशाला टांगायची. कारखाना म्हणजे घरामागची जांभ्याची, कौलारू खोली, लाकूड चिकटवायच्या सरसाच्या वासानं भरलेली. तिथे त्या गिटारीनं एक अख्खा पावसाळा काढायचा. आमच्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना मिशा फुटतात, तिथे बिचाऱ्या पातळ फळीची काय कथा! दिवाळी झाली की तात्या गिटार उतरवून मांडीवर घेत, मधल्या बोटाचं पेर वाकवून तिच्या पोटावर टिचकी मारत आणि डोळे मिटत. पास झाली तर गिऱ्हाइकाला निरोप जायचा. नापास झाली तर शिमग्याच्या होमात, म्हणजे होळीच्या आगीत.

हो, होमात. मी डोळ्यांनी पाहिलंय. एका वर्षी तात्या खांद्यावर गिटार टाकून होमापाशी आले, सगळ्यांसारखा नारळ टाकला आणि मग ती गिटारही. ढोल वाजत होते, पालखी नाचत होती. आगीत एकेक तार तुटायला लागली आणि प्रत्येक तार तुटताना एक सूर निघाला. स्वच्छ, लांब. ढोलवाल्यांचे हात थांबले. पालखीखालची माणसं एका पायावर तशीच राहिली. तात्या म्हणाले, "आता गातेय! सहा महिने विचारत होतो तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती."

अशा माणसाकडे मला गिटार घ्यायची होती. मी चष्मे विकतो. तरुणपणी इथल्या वाद्यवृंदात वाजवायचो, पुढे दुकान सांभाळता सांभाळता बोटं मऊ झाली. पण पन्नाशी जवळ आल्यावर एक तरी पोटवाली आपली असावी असं डोक्यात बसलं. मी तात्यांना म्हणालो, "टांगलेल्यांतली मी निवडू का एखादी?"

"डॉक्टरकडे गेल्यावर औषध तू निवडतोस?"

"नाही."

"मग घरी जा. निरोप येईल."

आता लोक भिंतीला पाठ का लावायचे ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

तात्यांची टिचकी गिटारीपुरती राहिली नव्हती. बोटच तसं झालं होतं. दार दिसलं की दाराला, टेबल दिसलं की टेबलाला. एकदा जेटीवर भाटकर आडनावाच्या एकाची होडी नव्यानं रंगवून उभी होती, नारळी पौर्णिमेला पाण्यात जायची. तात्यांनी जाता जाता तिच्या फळीला टिचकी मारली आणि थांबले.

"हिचा आवाज बसलाय," ते म्हणाले.

भाटकर वर चढून रंगाचा शेवटचा हात देत होता. "ओ टिचकी, तोंड सांभाळा! सणासुदीचा काय बोलताय?"

"मी नाय बोललो. ती बोलली."

होडी पाण्यात गेली. आणि काही दिवसांनी, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निवांत असताना, दोरीला बांधलेल्या जागीच ती उभी फाटली. आत कोणी नव्हतं म्हणून बरं. भाटकरानं त्या दिवसापासून तात्यांना जेटीवर येऊ दिलं नाही.

पण होडी ही होडी. माझ्या मामाचं झालं ते वेगळं. मामा केळशीचे. हसरे, गलेलठ्ठ, पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी मागणारे. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी तात्यांना गाठलं आणि सगळ्यांसमोर पाठ करून उभे राहिले.

"मारा तात्या टिचकी! बघू पोटवाल्याचा आवाज कसा आहे!"

मांडव हसला. तात्याही हसले. त्यांनी डाव्या खांद्याच्या खाली बोट वाकवून हलकीशी टिचकी मारली. मी समोर उभा होतो. तात्यांच्या ओठांवर हसू तसंच होतं, पण डोळे तिथून निघून गेले. "काय म्हणतोय आवाज?" मामांनी विचारलं.

"जेवायला बसा," तात्या म्हणाले. "चांगला पोटभर जेवा."

मामा दिवाळी पाहू शकले नाहीत. छातीत कळ आली आणि गेले. तात्या अंत्ययात्रेला आले नाहीत. नंतर मला एवढंच म्हणाले, "माणसाला पुन्हा टिचकी मारणार नाय. शप्पथ घेतलीय." पण शपथ त्यांनी घेतली होती, बोटानं नव्हे. गाव भिंतीला टेकलं ते तेव्हापासून.

आता हे ऐकून कोणाला वाटेल की तात्या काळेकुट्ट, घुमे वगैरे असतील. छे! अंगानं बारीक, बोलण्यात खट्याळ, चहात बिस्किट बुडवून ते नेमकं पडायच्या आधी उचलण्यात पटाईत. भाट्याच्या वाऱ्यात सगळेच ओरडून बोलतात, त्यात तात्यांचा आवाज सर्वांत वरचा. सुनंदाकाकी, म्हणजे त्यांची बायको, तितक्याच वरच्या पट्टीत उत्तर द्यायची. अनोळखी माणसाला वाटावं, भांडण चाललंय. आणि ते जेवणाचं विचारत असायचे.

फणसाच्या बाबतीत तर तात्या म्हणजे न्यायालय. आमच्याकडे फणस पिकला का हे सगळेच टिचकी मारून बघतात. कच्चा टणटण बोलतो, पिकलेला बद्द. पण तात्या नुसतं पिकलाय म्हणायचे नाहीत. "परवा दुपारी काढ" म्हणायचे, आणि परवा दुपारी तो फणस अत्तराच्या बाटलीसारखा उघडायचा. म्हणून एका मे महिन्यात जे झालं त्याची वाडीभर चर्चा झाली. तात्यांनी अंगणातल्या झाडाचा फणस वाजवला, "पिकलाय" म्हणाले आणि कापला. आत पांढराफटक, चिकानं माखलेला, कच्चा. दुसरा कापला. तोही कच्चा. तिसरा कापला तेव्हा काकी पदर तोंडावर धरून हसत होती. त्या दिवशी वाडीतल्या प्रत्येक घरात कच्च्या फणसाची भाजी पोचली.

तात्या हसले नाहीत. कोयता धुतला आणि झाडाकडे बघत म्हणाले, "यंदा झाडच खोटा बोलतंय."

आणि मग ते वर्ष सुरू झालं. देवळाच्या सभामंडपातल्या खांबाला टिचकी मारून तात्या म्हणाले, हा राहत नाही. लोक त्या खांबापासून लांब बसायला लागले. पुजारीसुद्धा प्रदक्षिणेत तिथे भरभर चालायचा. शेजाऱ्याच्या माडाला म्हणाले, पोकळ झालाय. शाळेच्या दाराला, विहिरीच्या रहाटाला, पोस्टाच्या बाकाला, सगळ्याला तेच. आवाज बसलाय. पूर्वी वर्षातून एखाददुसरी वस्तू तात्यांच्या तोंडून मोडीत जायची. आता रोज एक. वाडीत माणसं हळू बोलायला लागली. पडलं मात्र काहीच नव्हतं, आणि त्यामुळे भीती अधिकच वाढत होती, कारण एकदम सगळं पडेल असं वाटायला लागलं होतं.

दिवाळी गेली, निरोप आला नाही. संक्रांत गेली. शिमगा जवळ आला तसा मी न राहवून स्कूटर काढली आणि पूल ओलांडला.

अंगणात पोचलो तर तात्या विहिरीवरून पाण्याची कळशी घेऊन येत होते. जन्मात मी त्यांना पाणी भरताना पाहिलं नव्हतं. काकी पायरीवर हात मांडीवर ठेवून बसली होती, शिक्षा झाल्यासारखी.

"बघ रे शेखर, ह्यांना काय झालंय!" ती ओरडली. "दसऱ्यापासून मला कामाला हात लावू देत नाहीत. काल भाकरी थापायला बसले होते. भाकरी कसली, कोकणाचा नकाशा!"

"गप बस गो, दमशील," तात्या म्हणाले.

"बोलून दमेन?"

तात्यांनी कळशी खाली ठेवली. मला खुणेनं कारखान्यात नेलं. आत सरसाचा वास होता, पण भांडं थंड होतं. रंध्याखाली ढलप्या नव्हत्या. वाशाला तीन गिटारी टांगल्या होत्या आणि त्यांच्या खाली, जमिनीवर, होमाला न्यायच्या सुक्या काटक्यांची मोळी बांधून ठेवली होती.

"तिन्ही मेल्या," तात्या म्हणाले. "तिन्ही होमात. यापुढे बनवणार नाय."

"का पण?"

ते दारापाशी गेले, बाहेर बघितलं आणि परत आले. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला.

"दसऱ्याला ती पायरीवर तांदूळ निवडत वाकून बसलेली. मी मागून जात होतो. बोट वाकला. मी नाय वाकवला रे, वाकला." त्यांनी ते बोट मुठीत दाबलं. "बद्द. तुझ्या मामाचा होता त्याच्यापेक्षा वाईट. तिला सांगितला नाय. शिमग्यापर्यंत राहिली तरी देवाची कृपा."

 मी बाहेर पाहिलं. काकी लपूनछपून केरसुणी शोधत होती, ठणठणीत दिसत होती. मामाही ठणठणीत दिसत होते. जिलबी मागत होते.

मी मूर्खासारखं म्हणालो, "जाळायच्या आधी एकदा वाजवू का?"

"वाजव. मेल्यावर गळ्यात हार घालतात, तसा."

पहिली गिटार उतरवली. सूर लावले. पहिला स्वर छेडला आणि माझ्या हातातली ती वस्तू चक्क जागी झाली. मेलेली? गोल, भरलेला, नारळाच्या गाभ्यासारखा आवाज! मी तात्यांकडे बघितलं. ते काटक्यांकडे बघत होते. दुसरी घेतली. तीही सुरेल, थोडी धारदार. तात्यांनी नुसती आडवी मान हलवली. तिसरी, मागची फणसाची फळी सर्वांत तांबूस झालेली, ती घेतली आणि मी माझ्याच वाजवण्यावर खूश होऊन मान डोलवायला लागलो, यावरून ती काय चीज होती ते समजा. काकी केरसुणी घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"अगो बाई! ही कनची हो? काय गोड वाजतेय!"

"मेलेय ती," तात्या म्हणाले.

मी वाजवत वरवर चढत गेलो. सर्वांत बारीक तारेवर, गिटारीची मान पोटाला टेकते तिथपर्यंत बोट नेलं आणि एकेक टपोरा स्वर सोडला. खोली त्या आवाजानं भरली होती. कौलांत घुमत होता तो.

तात्यांनी मान वर केली.

"थांबलास का?" ते म्हणाले. "वाजव ना."

मी थांबलो नव्हतो. माझा हात तारेवरच होता. मी परत तोच स्वर छेडला. तात्या माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिले.

मी काकीकडे पाहिलं, काकीनं माझ्याकडे.  लोकांना दिसत नाही हे मला दुकानाच्या पायरीवरूनच कळतं, पण ऐकू येत नाही हे इतकी वर्षं समोर बसून कळलं नव्हतं. कोणालाच कळलं नव्हतं. भाट्याच्या वाऱ्यात सगळेच ओरडतात, आणि समोरच्याचे ओठ बघून तात्या बरोबर उत्तर देत. काकीच्या हातातली केरसुणी खाली पडली.

"फणस," ती पुटपुटली. "जल्ला मेला, तेव्हाच फणसान सांगितलान होता."

मग ती पुढे आली. तात्यांचं ते मधलं बोट तिनं धरलं, अगदी आईनं पोराचं धरावं तसं, आणि तिसऱ्या गिटारीच्या पोटावर टेकवलं. मला म्हणाली, "वाजव तोच."

मी वाजवला. फळी बोटाखाली थरथरली. तात्यांनी बोटाकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, परत बोटाकडे पाहिलं. मी पुन्हा वाजवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. एवढं आयुष्य ज्या कानावर काढलं, तो कान गेलाय हे माणसाला त्याच्या बोटानं सांगावं, असं काही मी आधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. मला वाटलं, हा आता कोसळणार.

तात्यांनी गिटारीवरचं बोट काढलं. काकीला दोन्ही खांद्यांना धरून गर्रकन वळवलं आणि तिच्या पाठीवर तळवा ठेवला.

"बोल," ते म्हणाले. "काहीतरी बोल."

"अहो, हे काय? शेखर बघतोय! सोडा, मेलं लाज नाही..."

तात्यांनी डोळे मिटले. तिची बोलणी त्यांच्या तळव्यात शिरत होती, फळीत शिरावी तशी. ती बोलत राहिली, भाकऱ्यांपासून कळशीपर्यंत दसऱ्यापासूनचं सगळं काढलं, आणि ते उभे राहिले.

"वाजतेय," तात्या म्हणाले. "चांगली वाजतेय! गो, तुला काय नाय झाला. मलाच झालंय!"

आणि हा माणूस अंगणात धावला. कुंपणाशी जाऊन सगळ्या वाडीला ओरडून सांगायला लागला, "बहिरा झालो! अरे मी बहिरा झालो!" पोरगा झाला म्हणून पेढे वाटावेत तसा आवाज. घराघरांतून माणसं बाहेर आली. एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "डोक्यावर परिणाम झाला वाटतं." काकी मागे कारखान्यात काटक्यांच्या मोळीवर बसून रडत होती आणि मधेच हसत होती. दसऱ्यापासून आपल्याला सरणावर चढवून ठेवलं होतं, हे तिला तेव्हाच कळलं.

त्या शिमग्याला होमात गिटार पडली नाही. तात्या आले, नारळ टाकला आणि ढोलाच्या कडेला तळवा लावून उभे राहिले. लोक सभामंडपातल्या त्या खांबाला पुन्हा टेकून बसायला लागले. मात्र पाठी भिंतीलाच राहिल्या. कारण होडी फाटली होती आणि मामा गेले होते, तेव्हा तात्यांचे कान चांगले होते.

मी गिटार न्यायला गेलो तेव्हा तात्या म्हणाले, "आता तूच निवड."

"मी? तुम्ही सांगा ना."

"मला कुठे ऐकू येतंय? डॉक्टर मेला. औषध तूच निवड."

निरोपाची वाट पाहणं किती सोपं होतं हे मला त्या दिवशी कळलं. तिन्ही पुन्हा पुन्हा वाजवल्या. प्रत्येक वेळी तात्या फळीला बोट लावून बसायचे आणि चेहरा कोरा ठेवायचे. तिसरी घेतली. "हीच," म्हणालो. तात्यांनी मान हलवली. उभी की आडवी, ते मला नीट दिसलं नाही, कारण ते त्याच वेळी हसत होते.

निघताना फाटकापाशी मागे वळून पाहिलं. तात्या पायरीवर वाकून बसले होते, मांडीवर नवी फळी, अंगठ्याएवढा रंधा चालू. काकी मागून आली. मला डोळा मारला. बोटाचं पेर वाकवलं, फणसाला मारतात तशी नवऱ्याच्या पाठीवर टिचकी मारली आणि नाटकीपणानं कान लावला.

कान तिथेच राहिला. तिचं हसू वाऱ्यात थोडा वेळ तसंच टांगलेलं राहिलं. मग ती ताठ झाली आणि वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "कच्चा हाय अजून!"

तात्यांना काही ऐकू गेलं नाही. ते रंधा मारत राहिले. ती माझ्याकडे बघत ओरडली होती. ती पुन्हा डोळा मारेल याची मी वाट पाहत राहिलो, पण तिनं तो काही मारला नाही.